भंडारा आम्ही उचलला नव्हता

२० नोव्हेंबर, रविवार

आज मी सरपंच झाले. अजून अर्ज भरायचाय, निवडणूक पुढच्या महिन्यात आहे, पण झाले म्हणजे झालेच. सकाळी सिद्धनाथाच्या देवळात गावकी बसली होती. हे तिथून आले ते कपाळभर भंडारा लावून, आणि चपला न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "प्रियदर्शनी सरपंच, च्या टाका."

माझ्या हातातलं लाटणं खाली पडलं. सासूबाई म्हणाल्या, "आगं, पीठ सांडलं की!" सांडू दे म्हटलं. मला नाचावंसं वाटत होतं.

आमच्या मोरदऱ्यात पंचायतीची निवडणूक होत नाही. मी लग्न होऊन यायच्या आधी एकदा झाली होती म्हणे. तेव्हा भावकीत डोकी फुटली, दोन घरं अजून एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. तेव्हापासून देवळातच ठरतं. घरटी एक पुरुष जातो, भंडारा उचलतो आणि शपथ घेतो, आमच्या घरातनं कुणी उभं राहणार नाही. मग ज्यांचं ठरलंय त्यांचेच अर्ज जातात. एकजुटीचं गाव म्हणून आटपाडी तालुक्यात आमचं नाव आहे. यंदा सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं. दादासो मामंजी, म्हणजे माझे चुलत सासरे, गावचं सगळं तेच बघतात, ते यांच्याकडे हात करून म्हणाले, "उदयसिंहाची मंडळी." झालं. माझं नाव काही कुणी घेतलं नाही, पण ते अर्जावर असेलच.

हे सैन्यातून हवालदार होऊन आले, आता पंचायतीत पाणीपुरवठ्याचं बघतात. त्यांचा आनंद माझ्याहून मोठा. "तू फकस्त सही करायची, बाकी मी हाय," असं तीनदा म्हणाले. किती काळजी करतात.

शिवांजलीला सांगायला पुढच्या सोप्यात गेले. ही माझी धाकटी जाऊ. भाऊजी, म्हणजे मानसिंग, सैन्यात लांब कुठंतरी वर आहेत, आणि ही दिवसभर शिलाई मशीनवर असते. गावातल्या आणि गावाबाहेरच्या खरात वस्तीवरच्या बायकांचे ब्लाउज हीच शिवते. म्हणाली, "अभिनंदन आक्का. मत कवा टाकायचं?"

"अगं, मत कशाला? बिनविरोध आहे ना."

"हां," म्हणाली आणि मशीन चालू केलं. कौतुकाचे दोन शब्द बोलायला हिला काय होतं देव जाणे.

२४ नोव्हेंबर, गुरुवार

म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाला गेलो. गर्दी, गुलाल, कान किटले. आमच्या गावच्या चार बायका भेटल्या, सगळ्या "सरपंचबाई, सरपंचबाई" करत होत्या. वरवर मी "कशाचं गं" म्हणत होते, पण आत लाडू फुटत होते. मोरपंखी साडी घेतली, शपथविधीसाठी.

निवडीच्या दिवशी बोलायला भाषण हवं. शिवांजली बी.ए. झालेली आहे, म्हणून तिला सांगितलं, दे लिहून. तिने दोन पानं दिली. त्यात सगळं इंग्रजांच्या काळातलं. बायकांना मत हवं म्हणून आपल्याकडच्या बायकांनी तेव्हा सभा घेतल्या, सरकारकडे मागणी केली, गोरे साहेब म्हणाले तुमच्या बायका पडद्यातल्या, त्यांना काय करायचंय मत. मग थोड्या बायकांना मिळालं, तेही जमीनजुमला असेल त्यांना. पुढे नवऱ्याच्या नावावर मालमत्ता असेल तर बायकोला मिळालं. म्हणजे मत बाईचं, पण आलं नवऱ्याच्या सातबाऱ्यावरून.

मी म्हटलं, "अगं, हे काढ. लोकांना गटारं आणि लाइट ऐकायची असतात."

"काढते की," म्हणाली. "पण आक्का, तुमी पंचायतीला कवा मत टाकलंय?"

आता हा काय प्रश्न झाला? मी आमदाराला टाकलंय, खासदाराला टाकलंय. हे सांगतात ते बटन दाबते. पंचायतीला टाकायची वेळच आली नाही कधी. मी तसं सांगितलं. तिने मान हलवली आणि ओठातल्या टाचण्या काढून ब्लाउजला लावायला लागली.

२८ नोव्हेंबर, सोमवार

अर्ज भरला! तहसील कचेरीत सगळे मला "बसा ताई" म्हणत होते. सही करायला पेन टेकवलं तर हे शेजारून म्हणाले, "सावकाश." शिवांजलीचाही एक अर्ज भरला. त्याला डमी म्हणतात. छाननीत माझ्या अर्जात काही खोट निघाली तर घरातलाच दुसरा असावा म्हणून. माझा मंजूर झाला की तिने मागे घ्यायचा. मामंजी म्हणाले, "डमी गरीब गायीचा असावा," आणि सगळे हसले. शिवांजलीही हसली.

येताना गाडीत तिने यांना विचारलं, "दादा, माघारी घ्यायला मलाच यावं लागंल का?"

"व्हय. सही तुझीच लागती."

"दुसऱ्या कुणाची चालत न्हाई?"

"न्हाई बाई. कायद्याचं काम हाय."

मग ती खिडकीतून बाहेर बघत बसली. तिला प्रवासाचा कंटाळा आहे, गाडी लागते. मी म्हटलं, आलं-लिंबू घेऊन जाऊ त्या दिवशी.

२ डिसेंबर, शुक्रवार

डोकं ठणकतंय. अर्जाची मुदत संपायला थोडा वेळ असताना खरात वस्तीवरच्या मायाने सरपंचपदाचा अर्ज भरला. माया! मेंढरं राखणारी, हातात काठी आणि डोक्यावर घोंगडं, कधी दोन शब्द जास्त बोलली नाही. बाकी सदस्य सगळे ठरल्याप्रमाणे, फक्त माझ्याच जागेला हा विरोध.

मामंजी आमच्या सोप्यात येऊन बसले. मी डोक्यावर पदर घेऊन चहा दिला. त्यांनी कप तोंडाला लावला नाही. "तिच्या दादल्यानं भंडारा उचललाय," म्हणाले. "देवाची शपथ मोडती म्हंजी काय?"

मायाचा नवरा ज्योतिबा, त्याला बोलावून घेतलं. तो बिचारा उंबऱ्याबाहेरच उभा. मामंजींना म्हणाला, "म्या उचलला, तात्या. म्या कुटं उभा ऱ्हायलोय? तिनं न्हाई उचलला भंडारा. देवळात बायास्नी बोलावलंच न्हवतं."

सोप्याच्या कोपऱ्यात शिवांजलीचं मशीन चाललं होतं ते थांबलं. मग हे ओरडले, "लय शाणपणा शिकवू नगंस!" आणि ज्योतिबा गेला.

मला रडू आलं. मी काय घोडं मारलंय मायाचं?

४ डिसेंबर, रविवार

मला वस्तीवर पाठवलं. बाईचं बाईशी जमतं म्हणाले. शिवांजली सोबत आली, तिला तिथं ब्लाउज द्यायचे होते. वस्तीवरची कुत्री माझ्यावर धावली आणि तिला बघून शेपटी हलवायला लागली. बऱ्याचदा येत असावी.

मायाने पोतं अंथरलं, पाणी दिलं. मी गोड बोलून सुरुवात केली, गावाची एकी, देवाची शपथ, सगळं. ती शेळीच्या करडाला मांडीवर घेऊन ऐकत होती. मग म्हणाली, "वहिनी, तुमी वंगाळ हाय म्हून म्या उभी न्हाई. तुमीच व्हा सरपंच. मला निवडून बी यायचं न्हाई."

"मग?"

"मत पडू द्या. एकदा. आमच्या वस्तीला पाणी येतं का न्हाई, रस्ता हुतो का न्हाई, हे ज्याच्या हातात हाय त्याला म्या कवाच मत दिलं न्हाई. दिल्लीवाल्याला देती. त्यो मला वळखतो व्हय? सरपंच माझ्या दारावरनं रोज जातो, त्याला मातर देवळात ठरिवत्यात."

मी म्हटलं, "अगं, मतदान झालं तरी मीच येणार. मग उगीच कशाला?"

"येतालाच की. मग भ्यायचं कशाला?"

तिथं इतर बायकाही जमल्या होत्या, पदराआडून हसत होत्या. शिवांजली एकीला ब्लाउज घालून दाखवायला आत घेऊन गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. आत काय खुसुरफुसुर चालली होती. मापं घेत असतील.

परतताना मी रागाने म्हटलं, "बघितलंस, किती चढलीय!" शिवांजली म्हणाली, "व्हय आक्का." मग थोडं चालून म्हणाली, "पण खोटं काय बोलली?" मी झपाझप पुढे निघाले.

५ डिसेंबर, सोमवार

छाननी झाली. माझा, डमीचा, मायाचा, तिन्ही अर्ज मंजूर. माघार परवा, दुपारी तीनपर्यंत.

वस्तीवरच्या विहिरीची मोटर कालच जळली. नेमकी आत्ताच! मेंढरांना पाजायला त्यांना पार ओढ्यापर्यंत जावं लागतंय. ओढ्यात तरी कुठं पाणी आहे, डबकी आहेत. मी यांना म्हटलं, लवकर दुरुस्त करून द्या, माणुसकी आहे. हे म्हणाले, "परवापातूर व्हईल." बरं वाटलं. एवढा राग असूनही हे करतायत.

६ डिसेंबर, मंगळवार

यांचा खाकी शर्ट धुवायला घेतला. खिशात फ्यूज. चिनीमातीचा, मोटरच्या पेटीत असतो तसला.

मी तो हातात घेऊन बसले. जळलेला नाही. जुना असेल. दुकानात नमुना दाखवायला आणला असेल. नवीन आणायचा तर जुना न्यावाच लागतो. मग मोटर जळली असं का म्हणाले? फ्यूज गेला असं म्हणायचं असेल. पुरुष माणसं बोलताना कुठं नेमकं बोलतात.

शर्ट धुतला, वाळत घातला. फ्यूज पुन्हा त्यांच्या दुसऱ्या शर्टाच्या खिशात ठेवला. जेवताना त्यांनी भाकरी मागितली, मी वाढली, तोंडाकडे बघवलं नाही. नंतर सगळी भांडी घासली, ज्यात काही नव्हतं तीसुद्धा. सासूबाई म्हणाल्या, "काय झालंय गं तुला? अंगात आल्यागत करतीस."

काही झालेलं नाही. उद्या सगळं संपेल. मग मी सरपंच होईन आणि पहिलं काम त्या वस्तीला नवी मोटर देईन.

७ डिसेंबर, बुधवार

जे झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या माझाच माझ्यावर विश्वास बसणार नाही.

सकाळी आम्ही आटपाडीला गेलो. दोन गाड्या, गुलालाची पोती, हलगीवाले. तहसीलच्या आवारात माया उभी होती, शेजारी ज्योतिबा. तिचे डोळे सुजलेले. आमच्याकडे न बघता आत गेली, माघारीची सही करून बाहेर आली. मला ओलांडून जाताना थांबली. "मेंढरं मुकी हायत, वहिनी," म्हणाली. "ती कुणाला मत मागाया येत न्हाईत." एवढं बोलून चालायला लागली. हे मागून हसत होते. त्यांचा हात खिशात होता.

मला ओरडावंसं वाटलं. कुणावर ते कळेना.

मामंजी म्हणाले, "आता त्यो डमी तेवढा उरका." बघतात तर शिवांजली नाही. सकाळी आमच्याबरोबरच गाडीतून उतरली होती. गोंधळात सगळ्यांचं लक्ष मायावर, गरीब गायीकडे कोण बघतंय? फोन बंद. यांनी चारी दिशांना माणसं पिटाळली, आणि मला म्हणाले, "बायकांच्या जागी तू बघ. चक्कर आली असंल कुटं."

मी बायकांच्या मुतारीत बघितलं, झेरॉक्सच्या दुकानात बघितलं. मग रसवंतीच्या मागच्या बाकावर सापडली. एकटी. पुढ्यात भरलेला उसाच्या रसाचा ग्लास, आणि हात मांडीवर घट्ट धरलेले. मला बघून उठली नाही.

मी म्हटलं, "अगं बया! वेळ संपत आली, चल."

"तुमी चल म्हणालात तर येते, आक्का," ती म्हणाली. "म्या पळून चालले न्हाई. मायाताईनं सही केली तर मी न्हाई करायची, असं वस्तीवर आमचं ठरलंय. पण तुमचा शब्द मी मोडणार न्हाई. तुमी मोठ्या हाय. एकदा नीट म्हणा, चल."

मग मला सगळं दिसलं. गाडीतला तो प्रश्न, वस्तीवरची कुत्री, ब्लाउजाची मापं. माझ्या नाकासमोर सगळं चाललं होतं आणि मी आलं-लिंबू आणलं होतं! एवढा राग आला की तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. माझी खुर्ची होती ती. गुलाल आणला होता. साडी आणली होती. म्हटलं, "माझ्यापासून लपवलंस?"

"तुमी दादास्नी सांगितलं असतं."

सांगितलंच असतं. मी बाकावर बसले. म्हणायचं होतं एवढंच, चल. अर्ध्या शब्दाचं काम. मला सरपंच व्हायचंय, इतकं मला आयुष्यात दुसरं काही व्हायचं नव्हतं. बारावीला पहिली आले तेव्हासुद्धा कुणी विचारलं नव्हतं पुढे काय. आणि आता खुर्ची दोन पावलांवर आहे, तर माझ्या डोळ्यांपुढून तो फ्यूज हलेना.

मी तिच्या पुढ्यातला ग्लास उचलला आणि अख्खा रस पिऊन टाकला. मग तिला म्हटलं, "बस इथंच."

परत आवारात गेले. हे धावत आले. "सापडली?"

"नाही," मी म्हटलं. "कुठंच नाही."

तीन वाजले तेव्हा शिपायाने दार ओढलं. मामंजींचा चेहरा बघवत नव्हता. हलगीवाले विचारत होते, वाजवायचं का नाही.

मी असं का केलं, मला अजून कळत नाही.

८ डिसेंबर, गुरुवार

शिवांजली काल रात्री एस.टी.ने परत आली आणि सरळ मशीनवर बसली. मानसिंग भाऊजींचा फोन आला, मामंजींनी करायला लावला होता. त्यांनी शिवांजलीला खडसावलं असावं, कारण ती एकच गोष्ट सारखी म्हणत होती, "आवं, ऐकू येत न्हाई. बर्फ पडतोय व्हय तिकडं?" शेवटी म्हणाली, "सीमेवर तुमी कुणासाठी उभं हाय? मग मी बी उभीच हाय," आणि फोन ठेवला. मी मागं उभी होते. हसू आलं, दाबलं.

चिन्हं मिळाली. मला कपबशी. तिला छत्री.

वस्तीची मोटर काल संध्याकाळीच चालू झाली म्हणे.

११ डिसेंबर, रविवार

असला प्रचार जगात कुठं झाला नसेल. एकाच चुलीवर दोन उमेदवार. माझे पाठीराखे सोप्यात बसतात आणि शिवांजलीला बसवा म्हणतात, आणि त्यांच्यासाठी चहा करायला तीच उठते. आज एकजण म्हणाला, "कपबशीचा च्या झक्कास झालाय!" सासूबाई आतून म्हणाल्या, "छत्रीनं केलाय त्यो." त्याने कप खाली ठेवला.

मी दारोदार जाते. यांनी सांगितलंय, बोलायचं त्यांनी, मी हात जोडायचे. पण बायका यांना विचारतच नाहीत, मला विचारतात. सरपंच झाल्यावर सही तुमीच करणार का? ग्रामसभेला आमी आलो तर बसू देणार का? एक म्हातारी म्हणाली, "तू कपबशी व्हय? बस, च्या घे आन् सांग, तुजी जाऊ काय करनार, तू काय करनार. दोगींचं ऐकून ठरिवती." सत्तरी ओलांडलेली बाई. तिचं म्हणणं कुणी ऐकून घेतलंय असं तिच्या सुनेलाही आठवत नव्हतं.

मी तिला सांगायला लागले आणि लक्षात आलं, मी काय करणार हे मला ठाऊकच नाही. कुणी विचारलंच नव्हतं ना. हे म्हणाले, "आम्ही सगळं करणार आज्जी." ती म्हणाली, "तुला न्हाई इचारलं."

१४ डिसेंबर, बुधवार

आता मी एकटीच फिरते. यांना सांगितलं, माझं मी बघते. लय चिडले. म्हणाले, "तुला कोण वळखतंय?" मी म्हटलं, "तेच करायला चाललेय."

हलगी, गाड्या, सगळं त्यांच्याकडे. मी फक्त पायी. वाड्यावस्त्यांवरच्या बायकांना मी काय काय सांगते ते मलाच खरं वाटायला लागलंय. मुलींच्या शाळेला भिंत, पाण्याच्या मोटरच्या पेटीला कुलूप आणि किल्ली वस्तीवरच्याच बाईकडे. ही शेवटची गोष्ट सांगितली तेव्हा माया समोरच होती. तिने मला भाकरी खायला लावली, वर ठेचा, डोळ्यांत पाणी येईस्तोवर तिखट.

घरी आले तर शिवांजली पायाला कोमट पाणी लावत बसली होती. तीही चालून आली होती. मी विचारलं, "तुला काय, मत पडावं एवढंच हवं होतं ना? मिळालं की. मग कशाला वणवण फिरतेस?"

"तवा एवढंच हवं होतं," ती म्हणाली. "आता खुर्ची बी हवी हाय."

तोंडावर बोलली! मी पातेल्यातलं उरलेलं पाणी माझ्या पायांना घेतलं. एकमेकींच्या शेजारी बसून दोघी पाय शेकत राहिलो. रागही येत होता, आणि तिला सोडून उठवतही नव्हतं.

१८ डिसेंबर, रविवार

मतदान. अंघोळ करून सहालाच तयार. सासूबाई त्यांची ठेवणीतली नऊवारी नेसून माझ्या आधी दारात. थंडीने हात गारठले होते.

शाळेपुढे पुरुषांची रांग छोटी, बायकांची फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत. एवढ्या बायका मी आमदारकीला कधी बघितल्या नाहीत. वस्तीवरच्या सगळ्या एकत्र आलेल्या. मी म्हटलं, मेंढरं कुणाकडे? माया म्हणाली, "आज गड्यांच्या गळ्यात घातली." बायका फिदीफिदी हसल्या. दादासो मामंजी फाटकाजवळ खुर्ची टाकून बसले होते, जाणारी प्रत्येक बाई डोक्यावरचा पदर सावरून त्यांना नमस्कार करत होती आणि आत जात होती. आत काय करणार हे त्यांना कळायचा काही मार्ग नव्हता. त्यांच्या तोंडाकडे बघून मला पहिल्यांदा त्यांची कीव आली.

सासूबाई माझ्या पुढे. आत जाऊन मोठ्याने विचारतात, "माज्या दोनी सुनांचं बटान कुटं हाय?" अधिकारी म्हणाला, "आजी, एकच दाबायचं, आणि बोलायचं नाही." म्हणाल्या, "मग आदी सांगायचं न्हाई का? दोगीस्नी हो म्हटलंय म्या." सगळी शाळा हसली. पण त्या पुठ्ठ्याच्या आडोशाला गेल्या आणि लय वेळ आल्या नाहीत. बाहेर आल्या तेव्हा तोंड मिटलेलं होतं, डोळे पुसत होत्या.

मग मी. बोटाला शाई. आडोशामागे मी आणि ते यंत्र. त्यावर माझं नाव, पूर्ण, कपबशी. खाली तिचं, छत्री. कुणी सांगितलेलं नव्हतं काय दाबायचं. मागे हे नव्हते. बटन दाबलं, यंत्र वाजलं.

२० डिसेंबर, मंगळवार

मी पडले. सात मतांनी.

आटपाडीहून निकाल घेऊन गाड्या परत आल्या त्या गुपचूप. गुलाल मात्र वस्तीवरच्या बायकांनी उधळला, शिवांजलीला बसवून आणलं ट्रॅक्टरवर, तिचं तोंड गुलालाने ओळखू येत नव्हतं. उतरून सरळ आत आली, माझ्या पाया पडायला वाकली, आणि मला रडू कोसळलं. माझं होतं ते, माझं! मी तिला उठवलं आणि गच्च धरलं, आणि तशीच रडले. मोरपंखी साडी कपाटातून काढून तिच्या हातात दिली, शपथविधीला नेस म्हटलं. ती नको नको म्हणत होती. मी म्हटलं, गप बस, रंग तुलाच शोभतो.

ती अंगणात बायकांत गेल्यावर हे आत आले. भिंतीला टेकून म्हणाले, "सात. सात म्हंजी घरातलीच फुटली. आय फुटली, मला ठावं हाय. पप्पू बी फुटला असंल." पप्पू आमचा पोरगा, त्याचं यंदा पहिलंच मत. मग माझ्याकडे बघत राहिले. आवाज खाली आणून, जसं काही विचारायची भीती वाटतेय, म्हणाले, "तू तरी तुलाच दिलंस न्हवं?"

बाहेर हलगी वाजायला लागली होती. मी पदराने तोंड पुसलं.

"ते विचारायचं नसतं," मी म्हटलं.

ते उभेच राहिले. सतरा वर्षं बंदूक खांद्याला लावलेला माणूस, आणि रिकामा खिसा चाचपत होता. मी त्यांच्या शेजारून बाहेर गेले, सरपंचबाईला बघायला.

कुणाला दिलं ते मी इथंही लिहीत नाही.